परसबागेतलं कॉम्फ्रे: सातारा-सांगलीतून वारंवार येणारे प्रश्न

रोपांच्या देवाणघेवाणीत कुणाला कॉम्फ्रेची मुळी दिली की पाठोपाठ प्रश्न यायला लागतात. साताऱ्यातली गच्ची असो, वाईचं परसदार असो, मिरजेतल्या बंगल्याची बाग असो की आटपाडीतलं शेत, विचारणा बहुतेक तीच असते. ती इथे एकत्र केली आहे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न १४ वाचा. कॉम्फ्रे हे जमिनीला खाऊ घालायचं झाड आहे. माणसाच्या ताटात किंवा कपात त्याला जागा नाही.

१. कॉम्फ्रे म्हणजे नेमकं कसलं झाड?

भोकर आणि भुरुंडी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे बहुवर्षायू झाड. मूळचं युरोप आणि पश्चिम आशियातल्या ओलसर नदीकाठांचं. जमिनीलगत मोठ्या पानांचा गुच्छ असतो. पान हातभर लांब, टोकाकडे निमुळतं आणि दोन्ही अंगांनी खरखरीत केसाळ. फुलं घंटेच्या आकाराची, जांभळी, गुलाबी किंवा पांढुरकी, झुबक्याने खाली लोंबणारी. मुळी बाहेरून काळी असते, मोडली की आत पांढरी आणि बुळबुळीत. बागेत आपल्याला हवी असतात ती पानं: ती भराभर वाढतात, रेषाळ नसल्याने लवकर कुजतात आणि त्यांच्यात पालाश (पोटॅश) चांगलं असतं.

२. सगळे 'बॉकिंग १४' मागतात. ती काय भानगड आहे? बी कुठे मिळेल?

एकोणिसाव्या शतकात हेन्री डबलडे नावाच्या इंग्रज गृहस्थांनी रशियातून कॉम्फ्रेची रोपं मागवली. मुळीच्या चिकट रसापासून टपाल तिकिटांना लावायचा डिंक करता येईल, असा त्यांचा विचार होता. ती रोपं संकरित निघाली. डिंकाचं जमलं नाही, पण झाडाची वाढ पाहून त्यांनी उरलेलं आयुष्य त्याच्या अभ्यासाला दिलं. पुढे १९५० च्या दशकात लॉरेन्स हिल्स यांनी एसेक्समधल्या बॉकिंग या गावी या संकराचे वेगवेगळे प्रकार लावून, क्रमांक देऊन पाहिले. त्यातला चौदावा परसबागेसाठी सगळ्यात सोयीचा ठरला.

हा प्रकार वांझ आहे. त्याला उगवणारं बी धरत नाही, त्यामुळे तो बागभर आपोआप उगवत नाही. म्हणून 'बॉकिंग १४ चं बी' अशी जाहिरात कुठे दिसली तर पैसे घालवू नका. ते साध्या कॉम्फ्रेचं बी असणार, आणि साधं कॉम्फ्रे बी सांडून पसरतं. बॉकिंग १४ फक्त मुळीच्या तुकड्यापासून किंवा गड्डा फोडूनच मिळतं.

३. आपल्याकडच्या उन्हात ते जगतं का?

जगतं, पण सगळीकडे सारख्या जोमाने नाही. सातारा आणि सांगली हे जिल्हे हवामानाच्या बाबतीत एकजिनसी नाहीतच, त्यामुळे 'होय' किंवा 'नाही' एवढं उत्तर देऊन भागत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीची थंड हवा त्याला मानवते. तिथे अडचण पावसाची. हजारो मिलिमीटर पाऊस महिनोन्‌महिने पडत राहिला की गड्ड्याभोवती पाणी साचून तो कुजतो. तिथे उताराची किंवा उंच केलेली जागाच घ्या. पाटण-जावळीकडच्या घाटमाथ्यालाही हेच लागू.

वाई, सातारा, कराड या पट्ट्यात विहिरीचं किंवा नळाचं पाणी असेल तर ते छान वाढतं. मार्च ते मे दुपारचं ऊन अडलं पाहिजे, एवढी एकच अट. आंब्याच्या किंवा शेवग्याच्या पूर्वेला लावलं की सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली येते. घराच्या पूर्वेची भिंतही चालते.

सांगली, मिरज, तासगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. तिथे उन्हाळ्यात वाढ थांबते, पानांच्या कडा करपतात, कधी वरचा सगळा पाला वाळून जातो. गड्डा खाली जिवंत असेल तर वळवाचा पाऊस पडल्यावर नवे कोंब येतात. तेव्हा झाड मेलं म्हणून लगेच उपटू नका, खुरप्याने जरा उकरून मुळी कडक आहे का ते पाहा.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागासाठी माझं मत स्पष्ट आहे: हौस म्हणून एखादं रोप सांडपाण्याच्या कडेला लावा, पण बागेच्या खताची भिस्त त्याच्यावर ठेवू नका. टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याचं आवर्तन मिळत असलं तरी दोन आवर्तनांमधला काळ या झाडाला जड जातो. तुमच्यासाठी प्रश्न २३ आहे.

४. लावायचं कधी?

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. थंडीचे महिने मुळं धरायला मिळतात आणि उन्हाळ्यापर्यंत झाड सावरतं. जूनमध्ये लावलेली मुळी भर पावसात सडण्याची भीती असते. फेब्रुवारीनंतर लावलेली उन्हात सापडते.

५. मुळीच्या तुकड्यापासून रोप कसं तयार करायचं? कुरियरने आलेली मुळी वाळलेली दिसते, टाकून देऊ का?

बोटाएवढी जाड, दोन इंच लांबीची मुळी पुरेशी असते. पेन्सिलीएवढी बारीकही फुटते, फक्त वेळ जास्त घेते. माती, जुनं शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळून पिशवी किंवा छोटी कुंडी भरा. वरची बाजू कोणती हे कळत नसेल तर तुकडा आडवा ठेवा आणि वर दोन इंच माती घाला. माती ओली हवी, चिखल नको. सावलीत ठेवा.

पुढे तीन ते सहा आठवडे काहीच दिसत नाही आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. उकरून पाहायचा मोह आवरा. आधी मातीत एक लहानसा उंचवटा येतो, मग गुंडाळलेलं, पांढऱ्या लवेचं इवलंसं पान बाहेर डोकावतं. एकाच तुकड्याला दोन-तीन ठिकाणी कोंब आले तर तसेच राहू द्या. चार-पाच चांगली पानं आली की जागेवर लावा. दोन झाडांत दोन ते तीन फूट अंतर हवं. सुरुवातीला ते फार वाटतं, दुसऱ्या वर्षी कळतं.

कुरियरने आलेली मुळी सुरकुतलेली असली तरी सहसा जिवंत असते, लगेच ओल्या मातीत घाला. मऊ पडलेली, घाण वास मारणारी मुळी मात्र टाकून द्या. नुसतं पान किंवा पानाचा देठ खोचून रोप होत नाही. तशी रोपं विकत घेऊ नका.

६. आमची माती काळी आहे. चालेल का? आणि चोपण असेल तर?

काळ्या मातीत अन्न भरपूर असतं, पण पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही गोष्टी या झाडाच्या मुळांना त्रासाच्या. फूटभर उंच गादीवाफा करा, त्यात शेणखत आणि थोडी पोयट्याची किंवा तांबडी माती मिसळा, वर कायम पाचटाचं आच्छादन ठेवा. भेगा पडणार नाहीत. घाटाकडच्या तांबड्या मुरमाड जमिनीत निचऱ्याची काळजी नसते, तिथे शेणखत जास्त घालावं लागतं.

कृष्णाकाठी जास्त पाण्याने चोपण झालेल्या जमिनी आहेत, मातीवर पांढरा क्षार फुटलेला दिसतो. अशा जागी कॉम्फ्रे लावू नका. बोअरचं पाणी खारं असेल तरीही जमिनीत लावण्यापेक्षा कुंडीत लावून पावसाचं साठवलेलं पाणी घालणं बरं.

७. गच्चीवर, कुंडीत वाढेल का?

वाढतं, पण कुंडी खोल हवी. मुळं सरळ खाली जाणारी आहेत. दीड फूट खोलीपेक्षा कमी काही घेऊ नका. मोठा ड्रम अर्धा कापून, तळाला भोकं पाडून घेतला तर एका झाडाला छान पुरतो. गच्चीची फरशी उन्हाळ्यात तापते, म्हणून ड्रमखाली विटा ठेवा आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली करा. दोन-तीन वर्षांनी मुळ्या ड्रमभर दाटतात. तेव्हा गड्डा काढून फोडायचा, एक भाग परत लावायचा आणि बाकीचे शेजारीपाजारी वाटायचे. कुंडीतल्या एका झाडाच्या पाल्यावर दहा-बारा कुंड्यांचं द्रवखत निघेल, त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

८. दुपारी पानं माना टाकतात. पाणी कमी पडतंय का?

बहुतेक वेळा नाही. पानं मोठी असल्यामुळे भर उन्हात मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी उडून जातं. संध्याकाळी पानं परत ताठ झाली तर काळजीचं कारण नाही. सकाळीसुद्धा मान खाली असेल तर बोट दोन इंच मातीत घालून पाहा. कोरडी लागली तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर गड्डा कुजतोय, प्रश्न २१ पाहा.

९. पहिली कापणी कधी करायची? किती वेळा कापता येतं?

पहिल्या वर्षी हात लावू नका. फुलाचा दांडा आला तर तेवढा खुडा, म्हणजे ताकद मुळात उतरते. दुसऱ्या वर्षापासून झाड गुडघ्याच्या वर गेलं की विळ्याने जमिनीपासून दोन इंच सोडून सगळा पाला कापायचा. उसाचा खोडवा फुटतो तसं ते खालून नव्याने फुटतं. पाणी आणि शेणखत असेल तर पाच-सहा आठवड्यांत पुन्हा कापण्याजोगं होतं. वर्षात चार कापण्या आपल्या हवेत पुष्कळ झाल्या. एप्रिल-मेमध्ये कापू नका, त्या पाल्याचीच सावली गड्ड्याला हवी असते.

कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. पानावरचे केस टोचतात, काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं. आणि प्रत्येक कापणीनंतर झाडाला दोन पाट्या शेणखत घाला. का, ते पुढच्या उत्तरात.

१०. म्हणतात की ते खोल जमिनीतलं अन्न वर ओढतं आणि नत्रही देतं. खरं आहे का?

नत्राची गोष्ट चुकीची आहे. ताग, धैंचा, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) यांच्यासारखं हवेतलं नत्र मुळात साठवण्याची सोय कॉम्फ्रेकडे नाही. त्याच्या पानात जे नत्र असतं ते तुमच्या जमिनीतूनच आलेलं असतं.

मुळं खोल जातात हे खरं. पण म्हणून ते पाताळातून फुकटचं खत काढून देतं असं समजू नका. जिथे माती भुकेली, तिथे पानंही भुकेलीच निघतात. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. बागेच्या कडेला वाहून जाणारं, स्वयंपाकघराच्या मोरीचं, गोठ्याच्या उताराचं पाणी आणि त्यातलं अन्न ते धरून ठेवतं, आणि लवकर कुजणाऱ्या पानांच्या रूपाने ते आपल्याला हव्या त्या वाफ्यात नेता येतं. त्यामुळे झाडासाठी उत्तम जागा कोणती, असं विचाराल तर गोठ्याच्या किंवा कंपोस्टच्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला.

११. पानांचं द्रवखत कसं करायचं? वास फार येतो म्हणतात.

दोन पद्धती आहेत.

पहिली पाण्यातली. एक किलो ताजी पानं चिरून जुन्या बारदानात किंवा कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरा, तोंड बांधा, झाकणाच्या ड्रममध्ये दहा ते पंधरा लिटर पाण्यात बुडवा. वर दगड ठेवा म्हणजे तरंगत नाही. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत तयार होतं, थंडीत चार-पाच लागतात. पाणी काळपट हिरवं होतं, वर फेस येतो, आणि वास खरोखर येतो, गटारासारखा. ड्रम घराच्या खिडकीपासून आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब ठेवा. झाकण घट्ट आवळू नका, आत वायू तयार होतो. झाकणाखाली जुन्या सुती साडीचं फडकं दोरीने बांधा, नाहीतर डास अंडी घालतात. डेंग्यूच्या दिवसांत हा मुद्दा हलक्याने घेऊ नका. हे पाणी दुप्पट साध्या पाण्यात मिसळून वापरा.

दुसरी बिनपाण्याची, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हीच करावी. बादलीच्या तळाला बारीक भोक पाडा, तिच्याखाली दुसरं भांडं ठेवा. वरच्या बादलीत चिरलेली पानं दाबून भरा, वर वीट किंवा पाण्याने भरलेली बाटली ठेवा, झाका. पानं बसत जातात, दोन-तीन आठवड्यांत तळातून काकवीच्या रंगाचा दाट अर्क थेंबथेंब उतरतो. वास असतो, पण पहिल्याच्या मानाने कमी. हा अर्क बाटलीत भरून, सावलीत, नावाची चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. एक भाग अर्काला पंधरा भाग पाणी घ्या.

वापरायचं ते झाडाच्या बुडाशी, ओल्या मातीत, दर पंधरा दिवसांनी. टोमॅटो, वांगी, मिरची, दोडका, कारली, भोपळा, गुलाब, जास्वंद यांना फूल-फळ धरताना उपयोग होतो, कारण तेव्हा पालाशाची गरज वाढते. कोवळ्या रोपांना देऊ नका. पानांवर फवारू नका. मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना या पालेभाज्यांना तर अजिबात घालू नका. पानांतली विषारी द्रव्यं (प्रश्न १४) कुजताना मातीत उतरतात. अशीच द्रव्यं असलेल्या दुसऱ्या एका तणावर युरोपात झालेल्या प्रयोगांत शेजारच्या वनस्पतींनी ती मुळांवाटे थोड्या प्रमाणात शोषल्याचं दिसलं आहे. जी भाजी आपण पाल्यासकट खातो तिथे हा धोका घ्यायचं कारण नाही. पालेभाजीला गांडूळखत पुरतं.

१२. जीवामृतात कॉम्फ्रेचा पाला टाकला तर?

टाकू नका. जीवामृत दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याभरात संपवायचं असतं. तेवढ्यात हा पाला धड कुजत नाही आणि जीवामृत मात्र लवकर बिघडतं. दोन्ही वेगळी करा. एका पंधरवड्याला एक, दुसऱ्याला दुसरं, असं आलटून पालटून देता येतं.

१३. आमच्याकडे उसाचं पाचट भरपूर आहे. त्याच्याबरोबर वापरता येईल का?

आपल्या भागासाठी कॉम्फ्रेचा सगळ्यात चांगला उपयोग मला हाच वाटतो. वाळवा, कराड, पलूसकडे पाचट पेटवून देण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. पाचट एकटं लवकर कुजत नाही, त्यात नत्र फार कमी. कॉम्फ्रेचा ओला पाला एकटा ठेवला तर त्याचा चिकट काळा लगदा होतो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचं उणं भरून निघतं. खड्ड्यात वीतभर पाचट, त्यावर चार बोटं चिरलेला पाला, त्यावर शेणाचा सडा, असे थर द्या आणि ओल टिकवा. तीन-चार दिवसांनी थरात हात घालून पाहा, आतून कोमट लागला पाहिजे.

आच्छादनासाठी पाला कापून एक दिवस उन्हात कोमेजू द्या, मग फळझाडाच्या बुडाशी पसरा आणि वर पाचट घाला. कोमेजवायचं अशासाठी, की फुलाचे ताजे जाड दांडे ओल्या मातीत पडले तर त्यांना कधीकधी मुळं फुटतात. बटाटा लावतानाही सरीत कोमेजलेल्या पाल्याचा थर, त्यावर थोडी माती, मग बेणं, असं करतात.

१४. पानांची भजी, भाजी किंवा चहा करता येतो का? जुन्या पुस्तकात पाककृती आहेत.

करू नका. थोडी नाही, एकदा नाही, चव पाहायलाही नाही.

कॉम्फ्रेमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. यकृत ती पचवायला जातं आणि त्यातच यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. पोटात पाणी होतं, कावीळ होते, माणूस दगावतो. हे नुकसान हळूहळू साठत जातं, त्यामुळे 'मी महिनाभर चहा पितोय, काही झालं नाही' या अनुभवाला अर्थ नाही. मुळीत ही द्रव्यं पानापेक्षा कितीतरी जास्त, आणि कोवळ्या पानात जुन्या पानापेक्षा जास्त. तळल्या-उकळल्याने धोका जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये पोटात घ्यायची कॉम्फ्रेची उत्पादनं बाजारातून काढायला उत्पादकांना सांगितलं. ज्या जुन्या पुस्तकांत भजी आणि चहा दिसतो ती त्याआधीची आहेत.

हे काही दूरदेशीचं प्रकरण नाही. १९७५ च्या सुमाराला तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात पोटात पाणी होऊन अनेक लोक आजारी पडले, कित्येक दगावले. त्यांच्या खाण्यातल्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या तणाचं बी मिसळलं गेलं होतं. त्या बियांतलं विष याच गटातलं. आपल्या बांधावर वाळल्या शेंगा वाजवणारा खुळखुळा सगळ्यांनी पाहिला आहे.

घरात लहान मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर झाडाजवळ पाटी लावा. कुणी पालेभाजी समजून खुडून नेऊ नये.

१५. मुका मार, मुरगळणं, मोडलेलं हाड यावर पानाचा लेप लावतात ना?

युरोपात मुरगळणं आणि मुका मार यासाठी कॉम्फ्रेची तयार मलमं मिळतात. त्यातली विषारी द्रव्यं काढलेली किंवा ठरावीक मर्यादेत ठेवलेली असतात. तीसुद्धा न फुटलेल्या त्वचेवर, थोडेच दिवस लावायची असतात. घरी वाटलेल्या पानात किंवा मुळीत विष किती, हे आपल्याला मोजता येत नाही. जखमेवर, खरचटलेल्या जागी, लहान मुलांना, गरोदरपणात तर मुळीच लावू नका. हाड मोडलं असेल तर आधी एक्स-रे. आणि आपल्याकडची हाडजोडीची चौकोनी वेल हे पूर्ण वेगळं झाड आहे, दोघांची गल्लत करू नका.

१६. गाई, शेळ्या, कोंबड्यांना घालू का?

नको. एके काळी चारा म्हणून याची फार जाहिरात झाली होती, पण कारण प्रश्न १४ मधलंच आहे आणि ही द्रव्यं काही प्रमाणात दुधातही उतरतात. हिरव्या चाऱ्यासाठी लसूणघास, दशरथ घास, कोंबड्यांसाठी अझोला आहे. शेळी मोकळी चरत असेल तर झाडाभोवती कुंपण करा.

१७. पाचगणी-भिलारकडची घरगुती स्ट्रॉबेरी आहे. तिला चालेल का?

लागवडीआधी वाफा भरताना पाचटाबरोबर पुरता कुजलेला पाला घालायला हरकत नाही. फळं धरल्यावर मात्र ताजा पाला आच्छादन म्हणून पसरू नका आणि द्रवखतही थांबवा. फळ जमिनीला टेकतं आणि आपण ते कच्चंच खातो. आणखी एक, ठिबकमधून हे द्रवखत सोडू नका. कितीही गाळलं तरी चिकट गाळ राहतो आणि तोट्या बंद पडतात. झारीनेच घाला.

१८. एकदा लावलं की जात नाही असं ऐकलं. काढायचं असेल तर?

ऐकलं ते खरं आहे. बॉकिंग १४ बियांनी पसरत नाही, पण कुदळीने तुटलेला प्रत्येक तुकडा नवं झाड होतो. म्हणून जागा कायमची समजून निवडा आणि तिथे पॉवर टिलर फिरवू नका, नाहीतर एका झाडाची पन्नास होतील. काढायचंच असेल तर गड्डा शक्य तितका अखंड उकरा, मग फुटतील ते कोंब दर आठवड्याला जमिनीबरोबर कापत राहा, किंवा जाड काळी ताडपत्री घालून एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाकून ठेवा. निघालेल्या मुळ्या कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय कंपोस्टमध्ये टाकू नका.

१९. आमची बाग कृष्णेच्या पूररेषेत आहे. लावलं तर चालेल?

बियांनी पसरणारं साधं कॉम्फ्रे तिथे लावू नका, अशी कळकळीची विनंती आहे. नदीकाठ हीच त्याची मूळची आवडती जागा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी काय काय कुठून कुठे नेलं, ते सांगलीकरांना सांगायला नको. ओढ्यात, कालव्यात मुळ्या फेकणंही त्याच कारणाने टाळा. हौस असेल तर बॉकिंग १४, तेही ड्रममध्ये, पावसाळ्यात गच्चीवर किंवा उंचावर हलवता येईल असं.

२०. नर्सरीतून आणलेलं रोप कॉम्फ्रेच आहे हे कसं ओळखायचं?

फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस या फुलझाडाचं कोवळं रोप कॉम्फ्रेसारखं दिसतं, आणि ते हृदयावर परिणाम करणारं जहाल विष आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या बागांत ते फुलांसाठी लावतात. पानाच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. फॉक्सग्लोव्हच्या कडेला बारीक दाते असतात आणि पान मऊ लोकरी लागतं. कॉम्फ्रेची कड सलग असते आणि पान खरखरीत टोचतं. फुलं आली की शंका उरत नाही: फॉक्सग्लोव्हचा उंच तुरा आणि आतून ठिपक्यांची मोठी फुलं, कॉम्फ्रेच्या टोकाशी गुंडाळलेल्या झुबक्यात छोट्या घंटा.

२१. रोग-किडी कोणत्या?

फारशा नाहीत. पावसाळ्यात गोगलगाई कोवळी पानं खातात, संध्याकाळी ओलं बारदान अंथरा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून काढा. कोरड्या थंडीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, आली तर सगळा पाला कापून टाका, नवा स्वच्छ येतो. गड्डा कुजू लागला तर उकरून मऊ भाग चाकूने कापा, निरोगी तुकडे उंच कोरड्या जागी लावा. शेजारी ऊस असेल आणि झाड अचानक सैल होऊन हातात आलं, तर मुळाशी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, शोधा. कच्चं शेणखत घातलं की ती हमखास येते.

२२. मधमाश्यांसाठी चांगलं ना?

फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येतात. बागेतल्या दोन-चार झाडांनी काही बिघडत नाही. पण महाबळेश्वर तालुक्यात मांघरसारखं मधाचं गाव आहे, आजूबाजूला सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे पुष्कळ जण आहेत. त्यांनी पेट्यांजवळ कॉम्फ्रेचा मोठा ताटवा करू नये. या झाडाची द्रव्यं परागातून मधात उतरतात. फुलाआधी कापणी केली तर हा प्रश्न येतच नाही.

२३. आमच्याकडे पाणी कमी आहे. कॉम्फ्रेऐवजी काय लावू?

गिरिपुष्प. पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड, चार फुटी फांदी बांधावर खोचली की लागते. शेंगवर्गातलं असल्याने नत्र स्वतः मिळवतं, पाला कॉम्फ्रेइतकाच लवकर कुजतो, आणि एकदा धरलं की जतच्या उन्हाळ्यातही तगून राहतं. वर्षातून दोन-तीनदा छाटा, पाला आळ्यात घाला. पालाशासाठी केळीचा घड उतरल्यावर उरलेला बुंधा चिरून आळ्यात पुरा, त्यात ओलही भरपूर असते. चुलीची राखही चालते, पण चुनखडीच्या जमिनीत ती मूठभरच. तिथे आधीच विम्लता (अल्कलीपणा) जास्त असते.